आडवाट : कोयता घेऊ, कुऱ्हाड घेऊ की नुसतं फावडं?

पावसाळा तोंडावर आला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा नूर बदलतो. उन्हाळाभर कूलंट आणि एसी, आता फावडं आणि कोयता. या वेळचे बहुतेक प्रश्न 'गाडीत कापायला आणि खणायला काय ठेवू' याच अंगाचे निघाले, म्हणून तेवढेच घेतले आहेत. क्लचप्लेटवाले पुढच्या अंकात. तुमची पत्रं वाचली आहेत, रागावू नका. नव्या वाचकांसाठी सांगते, आजरा-आंबोली रस्त्यावर आमचं गॅरेज आहे आणि पावसाळ्यात रुतलेल्या गाड्या ओढून काढणं हा जोडधंदा. माहेर लोहाराचं. लहानपणी भाता ओढलाय, त्यामुळे हत्यारांच्या बाबतीत माझी मतं जरा ठाम असतात. चालवून घ्या.

ताई, माझ्याकडे पाच दारांची जिम्नी आहे. मी ऑनलाइन एक 'ऑल इन वन' संच मागवला. घडीचं फावडं, त्याच दांड्याला बसणारी कुऱ्हाड, करवत, चाकू, शिवाय होकायंत्र आणि शिट्टी. आम्ही मित्र पावसाळ्यात आंबोली, तिलारी, राधानगरी बाजूला जातो. एवढं पुरेल ना? की कोयताही घेऊ?
— नि. जो., पुणे

शिट्टी चांगली आहे, ती ठेवा.

बाकीच्या संचाचं दुखणं त्याच्या सांध्यांत आहे. दांडा तीन तुकड्यांचा, प्रत्येक तुकडा आट्यांनी दुसऱ्यात बसवलेला, आणि टोकाला बिजागरी. तुम्ही जांभ्याच्या कडक जमिनीत ते पातं रोवून उचकटायला गेलात की सगळा जोर येतो आट्यांवर. पहिल्या दिवशी किंचित हलतं, दुसऱ्या दिवशी खुळखुळतं, आणि मग ज्या दिवशी खरी गरज असते त्या दिवशी बिजागरी चिखलानं भरून पातं अर्ध्यातच अडकतं. त्याच दांड्याला कुऱ्हाड लावून जोरात घाव घालायचा, हे तर मला बघवतही नाही. कुऱ्हाडीचं डोकं सुटलं तर ते कुठे जाईल ते तीच ठरवते.

आखूड फावडं मुळात सैनिकासाठी निघालं. डेन्मार्कच्या लष्करातल्या लिनेमान नावाच्या अधिकाऱ्यानं १८६९ मध्ये तशा फावड्याचं पेटंट घेतलं होतं. सैनिकानं ते पाठीला अडकवून चालावं आणि गोळ्या चुकवत, आडवं पडून, स्वतःपुरता खड्डा करावा ही त्यामागची कल्पना. त्या कामाला ते उत्तमच आहे. तुम्हाला मात्र खड्डा करायचा नसतो. तुमची गाडी आधीच खड्ड्यात असते, आणि तिच्या पोटाखाली साचलेली माती बाहेर काढायची असते. दोन्ही कामं वेगळी.

म्हणून आता नीट ऐका. गाडी रुतली म्हणजे काय होतं? चाकं जागच्या जागी फिरून खाली जातात आणि डिफरन्शियल, ॲक्सल किंवा चेसिस जमिनीवर टेकतं. एकदा पोट टेकलं की चाकांवर वजनच उरत नाही, मग फोर बाय फोर असो की आणखी काही, चाकं नुसती भिंगरतात. तेव्हा पहिलं काम पोटाखालची माती सोडवणं. त्यासाठी आपलं शेतातलं फावडं घ्या. परदेशी व्हिडिओंत लांब दांड्याचा, सरळ पात्याचा बेलचा दिसतो, आपल्यासारखं फावडं नाही. बेलचा माती उचलून फेकतो. फावडं माती ओढतं. गाडीखालची माती ओढायचीच असते. कुशीवर कलून, एक गुडघा टेकून, फावडं आत सरकवायचं आणि आपल्याकडे खेचायचं. पाठ वाकवून उचलाउचल करायची गरज नाही. फक्त दांडा बाजारात मिळतो तेवढा लांब ठेवू नका, दोन-सव्वादोन फुटांवर कापून घ्या. पूर्ण लांबीचा दांडा गाडीच्या दाराला आणि पायदानाला अडतो.

घेताना पातं बोटाच्या पेरानं किंवा नाण्यानं वाजवून बघा. खणखणीत आवाज आला तर बरं. बद्द आवाज आला तर कुठेतरी चीर किंवा कच्चं वेल्डिंग आहे. दांडा बसतो ते भोक पात्याबरोबर एकसंध ठोकून काढलेलं असेल तर दोन पैसे जास्त द्या. नळीचा तुकडा वेल्ड करून लावलेला असेल तर ठेवून द्या.

कापायला घडीची करवत घ्या, बागकामवाले वापरतात ती, पण मोठी. तेहेतीस सेंटिमीटरच्या आसपास पातं, किंचित बाक असलेलं, ओढताना कापणारे दात. मनगटाएवढी फांदी ती हा हा म्हणता उतरवते. जिम्नीची डिकी मागची सीट उभी असताना २०८ लिटरची, त्यात तुम्हा चौघा मित्रांच्या बॅगा. करवत, फावडं, एक खुरपं, चामडी हातमोजे दोन जोड आणि एक कानस, एवढंच बसतं आणि एवढंच लागतं.

कोयता हवाच असेल तर घ्या, पण कशासाठी ते ओळखून. घाणेरी, करवी, वेली, हिरवी कोवळी फांदी, जे एका घावात तुटतं ते कोयत्याचं काम. मनगटाएवढ्या लाकडाला कोयत्यानं ठेचत बसलात तर हात भरून येईल आणि थकलेल्या हातातला कोयता पायावर येतो. आमच्याकडे कोयते ट्रकच्या कमानीच्या जुन्या पाट्यांपासून करतात, ते लोखंड चिवट असतं, धार धरतं. आठवडी बाजारात लोहार बसलेला असेल तर त्याच्याकडून घ्या आणि मूठ तुमच्या हाताच्या मापानं बसवून मागा. पुण्यात ऑफिसात टाइप करणाऱ्या हाताला ऊसतोडीची मूठ जड जाते.

कुंभार्ली घाटात गेल्या पावसाळ्यात आमच्या पुढेच झाड आडवं झालं. दोन्हीकडे रांगा. एका टेंपोवाल्यानं कुऱ्हाड काढली आणि दहा-पंधरा जणांनी मिळून वाट मोकळी केली. तेव्हापासून वाटतं आपल्याकडेही कुऱ्हाड हवी. किती किलोची घेऊ?
— सौ. मा. शि., चिपळूण

मावशी, त्या टेंपोवाल्याला नमस्कार सांगा, पण कुऱ्हाड घेऊ नका.

टेंपोवाल्याचा हात बसलेला असणार. कुऱ्हाडीला फिरवायला जागा लागते, पाय रोवायला कोरडी जमीन लागते आणि भोवती कोणी नसावं लागतं. घाटात पावसात यातलं काहीच नसतं. निसरडा डांबरी रस्ता, मागे हॉर्न, आणि "थांबा, मी दाखवतो" म्हणणारे चार जण. ओल्या, गोल बुंध्यावर घाव तिरका बसला की पातं घसरून नडगीकडे येतं. करवत घसरली तर बोट कापेल, कुऱ्हाड घसरली तर पाय.

आडवं झाड दिसलं की पहिल्यांदा वर बघायचं, खाली नाही. विजेची तार झाडात गुंतलेली आहे का? असेल, किंवा शंका जरी असली, तरी गाडीतून उतरूनही जवळ जायचं नाही. ओलं झाड वीज वाहतं. १९१२ वर महावितरणला कळवा, ११२ वर पोलिसांना कळवा, आणि बाकीच्या हौशी लोकांना लांब ठेवा. तेवढं केलंत तरी तुम्ही त्या दिवसाचं सगळ्यांत मोठं काम केलंत.

तार नसेल तर झाड कशावर टेकलं आहे ते बघा. करवत अडकते का आणि माणूस सापडतो का, हे त्यावरच ठरतं. समजा बुंध्याचं एक टोक दरडीवर आणि दुसरं कठड्यावर, मधे रस्त्यावर अधांतरी. अशा लाकडाची वरची बाजू दाबली गेलेली असते आणि खालची ताणलेली. वरून सरळ कापत गेलात तर थोडं खोल गेल्यावर काप मिटतो आणि करवत गच्च धरली जाते. मग वरून एक तृतीयांश कापायचं, त्या फटीत लाकडाची पाचर ठोकायची, आणि बाकीचं खालून वर कापत यायचं. उलट, फांदी एकाच टोकाला धरलेली आणि दुसरं टोक हवेत असेल तर ताण वर असतो. तेव्हा आधी खालून थोडं कापायचं, मग वरून. आधीच वरून कापलं तर फांदी तुटताना साल आणि लाकूड लांबवर सोलत नेते आणि झटका देते. वाकून ताणलेला बांबू तर हातच लावायचा नाही, तो सुटताना दात पाडतो.

मुळासकट उपटलेलं झाड असेल तर मुळांच्या गड्ड्याच्या बाजूला कोणी उभं राहायचं नाही, फोटो काढायलाही नाही. बुंधा कापून त्याच्यावरचं वजन गेलं की तो गड्डा पुन्हा खड्ड्यात धपकन बसू शकतो. उतारावर असाल तर चढाच्या बाजूला उभं राहून कापा, म्हणजे तुकडा घरंगळला तर तुमच्यापासून दूर जाईल.

आणि सगळं झाड कापायचं नसतं हो! एक गाडी जाईल एवढी वाट पुरते. फांद्या उतरवा, पसारा कमी करा, उरलेलं लाकूड दोरीनं किंवा पट्ट्यानं ओढून कडेला घ्या. पट्टा गाडीच्या ओढायच्या हुकलाच लावायचा, बंपरला नाही. बुंधा करवतीच्या पात्याच्या निम्म्याहून जाड दिसला की आपला विषय संपला. तिथे बांधकाम खात्याची माणसं यांत्रिक करवत घेऊन येतील. तोवर मागच्या गाड्यांना वळायला सांगा आणि डब्यातली पोळीभाजी काढा.

फांदी बाजूला करताना हात थेट खाली घालू नका. पावसाळ्यात अशा आडोशाला घोणस किंवा फुरसं असू शकतं, आणि तुमच्या रत्नागिरीत फुरशांची कमी नाही. आधी फावड्यानं हलवायचं, मग हात. कोणाला चावलंच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काहीही न करता हातपाय न हलवू देता सरळ सरकारी रुग्णालय गाठा.

आमच्याकडे काळी माती. पाऊस झाला की शेताकडची वाट म्हणजे साबण. फावडं मारावं तर माती फावड्यालाच चिकटून येते, दोन घावांत फावडं पाच किलोचं होतं. शिवाय वेडी बाभूळ वाटेत आलेली. बोलेरो आहे. उपाय?
— वि. का., मोहोळ, जि. सोलापूर

काका, काळ्या मातीसमोर नम्र व्हायचं. ती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की भेगाळते, तिचा स्वभाव तोच. मोठा पाऊस झाल्यावर एक दिवस थांबता आलं तर थांबा. हा सगळ्यांत स्वस्त उपाय.

नाहीच जमलं तर रुंद फावडं नको. अरुंद, जुनं, वापरून घासून गुळगुळीत झालेलं फावडं शोधा. नव्या फावड्यावर रंगाचा थर असतो, त्याला माती जास्त धरते. तो रंग खरवडून काढा. बरोबर बादलीभर पाणी ठेवा. दर दोन-तीन घावांनी पातं बुडवायचं आणि खुरप्यानं पुसायचं. हे वेळखाऊ वाटतं, पण पाच किलोचं फावडं उचलण्यापेक्षा लवकर होतं.

खणायचं कुठे, हेही महत्त्वाचं. लोक चाकाच्या मागे खणतात. चाक ज्या डबक्यात बसलंय त्यातलं पाणी आधी घालवा. डबक्यापासून उताराच्या दिशेनं वीतभर रुंद चर काढा, पाणी निघून गेलं की चाकाची ओढ कमी होते. मग चाकासमोर तिरका उतार करून त्यात गोणपाट, दगड, मुरूम, वाळलेल्या तुऱ्हाट्या, जे मिळेल ते घाला. कोणाच्या उभ्या पिकाला किंवा बांधावरच्या जिवंत झाडाला हात लावू नका, हे तुम्हाला सांगायला नको; पण हा अंक पुण्यामुंबईतही जातो.

वेड्या बाभळीसाठी कोयता चालतो, हात मात्र लांब ठेवायला हवा. लांब काठीला पक्की बांधलेली आकडी असेल तर आधी फांदी आकडीनं ओढून धरा आणि बुडातून करवतीनं कापा. कापलेली फांदी वाटेतच टाकून तिच्यावरून गाडी नेऊ नका. तो काटा टायरच्या बाजूच्या मऊ भागात शिरतो आणि तिथलं पंक्चर काढता येत नाही. ओढून बांधाला लावा, काटे वाटेपासून लांब आणि बुडखा वाटेकडे.

पुण्यात कोयता गँगच्या एवढ्या बातम्या आल्या. गाडीत कोयता ठेवला आणि नाकाबंदीत सापडला तर? कायदा काय म्हणतो?
— अ. दे., पिंपरी

मी वकील नाही, गॅरेजवाली आहे, पण या प्रश्नासाठी भाच्याकडून कायदा वाचून घेतलाय. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात 'शस्त्र' कशाला म्हणायचं हे सांगताना निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या कामासाठी बनवलेल्या वस्तू वगळल्या आहेत. शस्त्र नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्यांचा उल्लेख आहे, तिथेही घरगुती, शेती, शास्त्रीय आणि औद्योगिक कामाची हत्यारं बाजूला ठेवलेली आहेत. म्हणजे उसाचा कोयता हा जात्या गुन्हा नाही. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी ठरावीक दिवसांसाठी हत्यारं बाळगून फिरण्यावर बंदी घालू शकतात, आणि सण, निवडणुका, मोर्चे यांच्या काळात असे आदेश निघत असतात. तेव्हा "हा शेतीचा आहे" एवढ्यावर भागत नाही. तो तुमच्याकडे का आहे, कुठे आहे, कसा ठेवलाय, हे बघितलं जातं.

ड्रायव्हरच्या सीटखाली उघडा कोयता आणि डिकीत पिशवीत, पात्याला कव्हर घालून, फावडं-करवत-दोरीबरोबर बांधलेला कोयता, या दोन्हींकडे हवालदार एकाच नजरेनं बघणार नाही. विचारलं तर डिकी उघडून सरळ दाखवा, विनोद करू नका. आणि माझं खरं मत विचाराल तर शहरात राहणाऱ्यानं कोयता घेऊच नये. करवतीनं तुमची सगळी कामं होतात आणि घडी घातलेल्या करवतीकडे कोणी वळूनही बघत नाही.

अभयारण्याचा नियम वेगळा आहे आणि तो कडक आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम ३१ नुसार मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात हत्यार घेऊन जाता येत नाही, आणि त्या कायद्यात हत्यार म्हणजे फक्त बंदूक नव्हे, सुऱ्याही त्यात येतात. राधानगरी, कोयना या बाजूला जाणार असाल तर कोयता घरी. फावडं आणि करवत असेल तर आधी वनखात्याच्या चौकीत विचारा, मग फाटकातून आत जा. पहिल्या पत्रातल्या जिम्नीवाल्यांनी हे दोनदा वाचावं. जंगलात वाट बनवायला जायचं नसतं, असलेल्या वाटेवरूनच जायचं असतं. राखीव वनात झाड तोडणं, छाटणं हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाखाली गुन्हा आहे, तंबूच्या खुंट्यांसाठी असलं तरी.

प्रश्न जरा संकोचाचा आहे. आम्ही मैत्रिणी मिळून कॅम्पिंगला जातो. शौचासाठी खड्डा खणायला काय न्यावं? मोठं फावडं घेऊन झाडीत जाताना सगळ्यांना कळतं!
— एक वाचक, ठाणे

खुरपं. पिशवीत मावतं, कोणाला कळत नाही आणि जांभ्या जमिनीतही टोक शिरतं. वीतभर खोल खणा, त्याहून खोल नको, कारण वरच्या थरातच मैला लवकर कुजतो. ओढ्यापासून, विहिरीपासून, वाटेपासून निदान साठ मीटर लांब. माती परत लोटून दाबा. पॅड आणि ओले टिश्यू पुरायचे नाहीत, रानडुकरं उकरतात. झिपच्या पिशवीत घालून परत आणा. संकोच कसला त्यात.

मस्कतला असतो. सुट्टीत आम्ही वाहिबाच्या वाळवंटात जातो. इथे सगळे लांब दांड्याचा बेलचा आणि रुतलेल्या चाकाखाली घालायच्या प्लास्टिकच्या पाट्या ठेवतात. गावाकडून येताना वडिलांनी मुद्दाम फावड्याचं पातं सामानातून पाठवलं. वापरू का?
— रा. सा., मस्कत, मूळ गाव सावंतवाडी

वडिलांचं मन मोडू नका, भिंतीला लावा. वाळूत बेलचाच.

वाळू सुटी असते, ओढली तर बाजूची लगेच जागा भरते. तिथे लांब दांडा गाडीखाली सरळ आत घालून वाळू उचलून दूर टाकावी लागते. आधी मात्र हवा सोडा. रस्त्यावरची तीस-बत्तीस पीएसआय वाळूत निरुपयोगी. पंधरा ते अठरावर आणलीत की टायर पसरतं आणि निम्म्या वेळा खणावंच लागत नाही. परत डांबरी रस्त्यावर चढण्याआधी हवा भरायला कॉम्प्रेसर हवाच, मऊ टायरवर वेगानं जाणं म्हणजे टायर फाडून घेणं. पाट्या चाकाखाली कोंबण्याआधी चाकासमोर उतार खणा. नाहीतर चाक पाटीवर चढण्याऐवजी तिचे दात घासून टाकतं.

आणि सुट्टीला गावी आलात की हा शहाणपणा समुद्रकिनाऱ्यावर आजमावू नका. दरवर्षी नाताळात किनाऱ्यावर रुतलेल्या गाड्यांची छायाचित्रं येतातच. भरती यायला सहा तास लागतात असं वाटतं, पण तुम्ही रुतलात तेव्हा त्यातले किती उरलेत हे माहीत नसतं. खारं पाणी एकदा वायरिंगमध्ये शिरलं की माझ्यासारख्यांची दिवाळी होते, तुमची नाही. शिवाय वेळास, आंजर्ले, गुहागरला थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी असतात, त्या वाळूवर चाक घालायचं कामच नाही.

माझ्याकडे वडिलांची कुऱ्हाड आणि टिकाव आहे. दोन्ही गंजलीत, कुऱ्हाडीचा दांडा हलतो. धार ग्राइंडरवर लावून आणली तर ती टिकतच नाही. नवं घ्यावं की दुरुस्त करावं?
— प्र. ठा., नागपूर

दुरुस्तच करा. जुनं लोखंड बहुतेक वेळा नव्याहून चांगलं निघतं.

धार टिकत नाही याचं कारण ग्राइंडर. चाकावर पातं तापतं, कडेला निळसर रंग दिसतो. निळं पडलं की तिथलं पाणी उतरलं समजा. लोहार पातं लाल करून पाण्यात बुडवतो आणि मग जरा ऊब देऊन त्याचा ठिसूळपणा काढतो, तेव्हा ते कडक आणि चिवट होतं. ग्राइंडरची उष्णता ती मेहनत घालवते. आता तो निळा भाग कानसेनं घासून मागे जावं लागेल, किंवा लोहाराकडे नेऊन पुन्हा पाणी द्यावं लागेल. पुढे नेहमी कानसच वापरा. पातं शिकंज्यात किंवा पायाखाली पक्कं धरा, कानस धारेच्या दिशेनं पुढे ढकलताना दाब द्या, मागे आणताना उचला. मागेपुढे घासलं की कानसेचेच दात मरतात. दोन्ही बाजूंना सारखे हात. शेवटी सहाणीवर पाण्याचा थेंब टाकून कूस, म्हणजे धारेवर उरलेली बारीक खरखर, काढा. फावड्यालाही धार लावतात बरं का, जरा बोथट कोनात. धार लावलेलं फावडं मुळं कापत जातं, बोथट फावडं उसळी मारतं.

दांड्याला लाकूड बाभळीचं किंवा धावड्याचं घ्या, रेषा लांबीत सरळ जाणाऱ्या. गाठ असलेला दांडा फुकट मिळाला तरी नको. तुमच्या विदर्भातल्या उन्हात लाकूड सुकून आकसतं, म्हणून डोकं हलतं. रात्रभर पाण्यात ठेवलं की घट्ट होतं, पण ते तात्पुरतं. सुकलं की पुन्हा तेच. कुऱ्हाड डोकं खाली करून हातात लोंबती धरा आणि दांड्याच्या बुडावर हातोडीनं ठोका, डोकं आपसूक वर चढतं. मग जुनी पाचर काढून नवी मारा. दांड्याला उकळलेलं जवसाचं तेल पातळ हातानं चोळा, रंगाच्या दुकानात मिळतं. तेलाची फडकी मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेटू शकतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून टाका.

टिकावाचा दांडा वरून खाली घातलेला असतो, वरचं टोक जाड. दांडा उभा धरून खालचं टोक दगडावर आपटलंत की डोकं सैल होऊन खाली सरकतं. प्रवासात दांडा आणि डोकं वेगळं ठेवता येतं, म्हणून टिकाव दिसतो तेवढी जागा खात नाही. कडक मुरुमात, जांभ्यात, गोठलेल्या मातीत त्याला पर्याय नाही. कुऱ्हाड घरी सरपणाला ठेवा.

फावडं, पहार, करवत गाडीत नेमकी कुठे ठेवायची? वरच्या कॅरियरला लावलेली छान दिसतात. आणि चेन सॉ घेऊ का?
— ह. पा., इचलकरंजी

छान दिसतात आणि चोरीलाही जातात. पंचवीस मिलिमीटर जाडीची पाच फुटी पहार सहा किलोच्या आसपास भरते. एवढं वजन छतावर नेऊन खड्ड्यांतून गाडी डोलवायची, यात मला काही अर्थ दिसत नाही. आणि सीटमागे नुसतीच टाकलीत तर जोरात ब्रेक लागल्यावर ती पुढे बसलेल्याच्या मानेकडे येते. जड सगळं खाली, मागच्या सीटच्या पाठीला टेकून, आडवं, आणि दोन ठिकाणी पट्ट्यानं आवळून. पट्टा गाडीच्या हुकांना बांधा, बॅगेच्या बंदांना नव्हे. पहार खरंच लागते का तेही बघा. मोठे दगड हलवायचे असतील, घाटातल्या दरडीची वाट नेहमीची असेल तर ठेवा. नाहीतर जॅक आणि फावड्यावर भागतं. फावडं सगळ्यांत वर, हाताशी, कारण रुतल्यावर दार अर्धंच उघडतं आणि सामान उपसायला जागा नसते.

पात्यांना सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा उभा चिरून चढवा आणि वरून ट्यूबचीच गोल चकती कापून रबरासारखी अडकवा. चामडं घालू नका, ओलं धरून ठेवतं आणि पातं आतून गंजतं.

चेन सॉ नको. चालवायचं रीतसर शिकला असाल, हेल्मेट, डोळ्यांवर जाळी आणि पायांवर संरक्षक पँट असेल, तर वेगळं. पात्याचं टोक लाकडाला लागलं की ते झटक्यात उलटून तोंडाकडे येतं, तो झटका धरायला सवयीचा हात लागतो. शिवाय पेट्रोलचा डबा बंद गाडीत. पुढच्या वेळी इचलकरंजीहून आंबोलीकडे निघालात तर आमच्याकडे थांबा, करवतीला दात लावून देते.